मोतीला लागू पडलेलं औषध

होमिओपॅथीचं नाव काढलंत की मला आमचा मोती आठवतो. स्वातंत्र्याच्या सुमाराला हा कुत्रा वसईतल्या आमच्या केळीच्या वाडीची राखण करायचा. त्याला जंत झाले. आई वावडिंगाचा काढा करायला निघाली, तर पुस्तक वाचून डॉक्टर झालेले आमचे वडील कडाडले, "उग्र काही देऊ नकोस! माझ्या गोळ्यांचा गुण जाईल."

त्या गोड गोळ्या मोती शेपटी हलवत चाटायचा. पण त्याचं पोट फुगलं, खाणं सुटलं. वडील मात्र खूश! "आधी दुखणं वाढतंच. म्हणजे औषध लागू पडतंय."

एका सकाळी मोती उठलाच नाही. वडील केळीखाली खड्डा खणत होते. आईने काठावरून एवढंच विचारलं, "आता पुरतं लागू पडलं का हो?"