येडगावातला बिनविरोध राष्ट्राध्यक्ष

चूक सगळी आमच्या तात्यांची, राव. तात्या म्हणजे माझे चुलते, माजी सरपंच. परदेशात एका देशात युद्ध चालू असताना तिथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली, आणि एका सर्व्हे कंपनीनं मला येडगावात घरोघरी लोकांचा कल विचारायला नेमलं. कॉलेज सोडल्यापासूनचं माझं पहिलंच काम.

तात्यांनी लगेच म्हातारी मंडळी देवळात बसवली. "लढाईच्या टायमाला दोन गट नकोत. बिनविरोध करून टाकू."

"तात्या, मतदान तिकडं हाय! मला फक्त प्रत्येकाचं मत पायजे."

"मी सरपंच व्हतो तवा एकदाबी मतदान होऊ दिलं न्हाई. तू मला मत शिकवतो व्हय?"

तो देश कुठं आहे हे ठाऊक नसलेल्यांनी माना डोलावून एक नाव ठरवलं. दुसऱ्या दिवशी घराघरातून, सुनांसकट, एकच नाव आलं. कंपनी म्हणाली, उत्तरं तू घरी बसून भरलीस. मला कामावरून काढलं.