बाबाचा घास अन् माहा कॅमेरा

परसात पाखरांसाठी ज्वारीचा डबा टांगला हाये न, तिथं मी उडत्या पाखरांचे फोटो काढत असतो. पितरांत बाबाचा घास बी तिथंच ठेवला. म्हटलं, कावळा झेप घेईन तसा फोटो काढू. पण कावळा भिंतीवरून हालेचना. तो घास शिवल्याबिगर माय जेवत नाई.

बायको म्हणे, "मामंजीच्या मनात काही राह्यलं असन."

मी हात जोडून धाकट्या भावाचं लगीन लावून द्याचं कबूल केलं. तरी नाई.

शेवटी माय म्हणे, "तो कॅमेरा ठेव खाली. तुहा बाप बी फोटो म्हटला का उठून जाये."

ठेवला. कावळा आला, घास घेऊन उडाला.

फोटो राह्यलाच. बाबाचा बी घरात एकच हाये, तोही पाठमोरा.