ना रिकामी, ना भरलेली

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा दीर बसले होते. तो अस्थिमज्जा दात्यांच्या संस्थेत डेटाबेसचं काम करायचा.

“वहिनी, दादासाठी दाता मिळतोय.”

“कुणाचंच जुळत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?”

“तेव्हा संपर्क भरलेले तेवढेच दाते तपासले होते. संपर्क म्हणजे फोन, पत्ता, ईमेल, असे तीन रकाने एकत्र.”

“आणि रिकामे?”

“ते वेगळे काढले होते. आता ज्या दात्या बाई सापडल्यात, त्यांचा फक्त फोन आहे. बाकी दोन्हीकडे नल, म्हणजे माहितीच नाही.”

“मग भरलेल्यांत का नाही आल्या?”

“तिन्ही रकाने भरलेले असतील, तरच डेटाबेस ‘भरलेलं’ म्हणतो.”

“मग रिकाम्यांत हव्या होत्या.”

“तिन्ही रिकामे असतील, तरच तो ‘रिकामं’ म्हणतो.”

“म्हणजे बिचाऱ्या ना इकडच्या ना तिकडच्या.”

“दोन्हींची बेरीज एकूण दात्यांशी जुळेना, तेव्हा लक्षात आलं. मग प्रश्नच बदलला. नुसतं विचारलं, फोन आहे का?”

“आणि यांच्याशी जुळतंय त्यांचं?”

“जुळतंय. अजून तपासण्या व्हायच्यात, पण जुळतंय.”

“फोन उचलला त्यांनी?”

“आज सकाळी उचलला.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, कधी येऊ?”

ती बाकावरून उठली.

“भावजी, हे सोडून मला रकाने काय शिकवत बसलात?”

“कुठून सुरुवात करावी तेच कळेना, वहिनी.”

“चला आत. यांना सांगताना ‘कधी येऊ’पासूनच सुरुवात करा.”