दोनशे बारावा नंबर

व्हर्ना : ...म्हणून सांगून टाकलं, लायल बाहेर ट्रॅक्टरपाशी आहे म्हणून.

एमेट : ट्रॅक्टरपाशी?

व्हर्ना : दुसरं काय सुचणार? चाळीस वर्षं त्याच्यासाठी फोन आला की मी हेच सांगत आलेय. तोंडातून निघून गेलं. पिस्तुलांच्या ऑफिसातली ती बाई मात्र गोड बोलली. म्हणाली, हरकत नाही, उद्या दहाला परत करते.

एमेट : उद्या म्हणजे आज. पावणेदहा झालेत.

व्हर्ना : म्हणून तर तुला बोलावलं. कॉफी घे, निवतेय.

एमेट : व्हर्ना, तुझ्या नवऱ्याला जाऊन नऊ आठवडे झाले.

व्हर्ना : मला मोजता येतात आठवडे.

एमेट : सोडतीत नंबर कितवा लागला त्याचा?

व्हर्ना : दोनशे बारा.

एमेट : काय सांगतेस. माझा अकरा हजारांच्या पुढं आहे. सहा वर्षं आम्ही दोघांनी एकाच दिवशी अर्ज टाकले, सैन्यातून निघालेल्या त्या पिस्तुलांसाठी. दरवर्षी आमची पाळी येईपर्यंत चांगली संपलेली. उरलेलं गंजकं घ्यायचं आणि महिनाभर तेल चोळत बसायचं. आणि आता दोनशे बारा. ह्या माणसाला मरायचीसुद्धा वेळ साधता आली नाही.

व्हर्ना : मग तू बोल.

एमेट : मी काय बोलू?

व्हर्ना : लायल म्हणून बोल. ती बाई कुठं त्याला ओळखते? कुठल्या प्रतीचं हवं तेवढंच विचारते. सगळ्यात वरच्या प्रतीचं मागून घे.

एमेट : खोटं कशाला बोलू, मला ते हवंय. रस्ताभर तोच विचार करत आलो. पण पिस्तूल ज्याच्या नावावर त्यालाच मिळतं, दुकानात, ओळखपत्र दाखवून. आणि दुकान रॉयचं. रॉयनं लायलच्या शवपेटीला खांदा दिलाय.

व्हर्ना : मग घ्यायला जाऊ नकोस. नुसतं बोल.

एमेट : म्हणजे?

व्हर्ना : मला पिस्तूल नकोच आहे रे. कपाटात त्यानं इकडून तिकडून जमवलेली एकोणीस पडलीत, तीही घेऊन जा. तुला कळत कसं नाही? पेन्शनवाल्यांनी नाव काढलं. चर्चच्या यादीतून गेलं. दातांच्या डॉक्टरकडून गेलं, बँकेतून गेलं. प्रत्येक ठिकाणी मीच जाऊन कागद दाखवलाय. काल ती बाई म्हणाली, 'मिस्टर कोझाक आहेत का?' किती सहज म्हणाली. इतक्या दिवसांत त्याच्याबद्दल असं कुणी विचारलं नाही.

एमेट : हं.

व्हर्ना : ह्या एका यादीत तो अजून आहे. राहू दे की.

एमेट : मागच्या मंगळवारी टपालानं मला पिस्तुलाचं एक म्यान आलं. जुनं, चामड्याचं, वर लष्कराचा छाप. पुडकं गाडीत टाकलं आणि तडक निघालो. तुमच्या फाट्याला वळलोसुद्धा. मग आठवलं. अर्धा तास तिथंच गाडी उभी केली होती.

व्हर्ना : आत का नाही आलास?

एमेट : तुला म्यानातलं काय कळतं? हे बनावट आहे, तुला फसवलंय, असं तोंडावर सांगणारा तो एकटाच होता. आता घरी टेबलावर ठेवलंय. खरं असेल नाहीतर खोटं. कुणाला दाखवू?

व्हर्ना : तर मग बोल ना, एमेट. आजच्या दिवस.

एमेट : अर्ज टाकल्यावर लायल काय करायचा, आठवतंय तुला?

व्हर्ना : आठवायला काय झालं. फोन ताटाशेजारी ठेवून जेवायचा. संडासात जायचा तो दार उघडं ठेवून. मला बहिणीशीसुद्धा बोलू द्यायचा नाही, लाइन अडेल म्हणून.

एमेट : आज दोनशे तेरावा असाच बसला असेल कुठंतरी. असाच एखादा म्हातारा. आपण लायलला यादीत ठेवला तर त्याचं पिस्तूल नुसतं अडकून पडणार, आणि तो माणूस फोनकडे बघत बसून राहणार.

व्हर्ना : तू फार दुष्ट आहेस.

एमेट : असेन. मी बोलत नाही, व्हर्ना. पण इथून उठतही नाही. तुझं बोलून होईपर्यंत बसतो.

व्हर्ना : तुला ते चांगलं पिस्तूल हवं होतं ना.

एमेट : हवं होतं. पण मिळालं असतं तरी ते दाखवायला मी परत तुमच्या फाट्याला वळलो असतो.

(फोन वाजतो. चौथ्या घंटीला व्हर्ना उचलते.)

व्हर्ना : हॅलो... हो, काल मीच बोलले होते. नाही, तो बाहेर नाहीये. मी खोटं बोलले, बाई. लायल जानेवारीत गेला... हो. हो, काढा नाव. माझी काही हरकत नाही... आणि हे बघा, पुढच्या माणसाला आत्ताच फोन लावा. फोनपाशी खोळंबला असेल तो.