दुसरी किल्ली

हॅलो?… हॅलो, दिपे? बोल गं. आरटीओतून निघालीस का?… थांब, थांब, स्वयंपाकघरात येते. बाहेर ओट्यावर गिऱ्हाईक बसलंय.

अगं, मोटारसायकलचंच! दुसरं काय आहे आमच्याकडे विकायला?… हो, काल मोबाइलवर फोटो टाकला, आज माणूस दारात. नरडाण्याहून आलाय. छगन म्हणे. तुझ्या भाऊजींनी जयभीम घातला, त्यानं राम राम केला आणि गाडीकडेच बघत बसलाय.… तेच ना! नरडाण्यापासून जळगावपर्यंत जुन्या गाड्यांचा काय दुष्काळ पडलाय?

बरं, तुझं सांग. हरवलेल्या आरसी पुस्तकाचा उतारा मिळाला?… हं… मालक संघपाल, म्हणजे हेच. बरोबर. रंग काळा. बरोबरच की. मग रडक्या आवाजात काय वाचतेस?

काय?

परत वाच. चेसिस नंबर परत वाच… शेवटी दोन सात? नाही गं, आमच्या गाडीवर नऊ चार आहे. परवाच ह्यांनी हँडलखाली कागद धरून पेन्सिलीनं घासून काढला, त्याचाच फोटो पाठवलाय तुला. उलटा धरला असशील… इंजिनाचाही जुळत नाही?

बसू दे मला जरा.

म्हणजे पाटी आमची आणि खालची गाडी… हळू! हळू बोल, चोरीची काय चोरीची! शोरूममधनं घेतली, पेढे तूच वाटलेस गल्लीत.… हो गं, मला कळतंय. पण पोलिसाला कळेल का? दिपे, हे बँकेत वॉचमन आहेत. चोरीची गाडी घेऊन बँकेच्या दारात कोण उभं राहू देईल? उद्याच डब्यासकट घरी पाठवतील.

नाही, ह्यांना अजून नाही सांगितलं. बाहेर बसून हसतायत त्या माणसापुढे.

आणि ऐक ना… ऐक तर! हा छगन भाव करत नाहीये.… हो! मी मुद्दाम चढवून सांगितला, नुसती मान हलवली. आपल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीला माणूस दोनदा परत फिरतो, आणि हा… चहा? चहालाही नको म्हणाला. पोलीस असेल का गं, साध्या कपड्यातला?… पायात? चप्पल आहे, अंगठा तुटलेली.… हो, पण चप्पल घालून येतात की ते मुद्दाम.

थांब. खिडकीतून बघते… अगं बाई. हँडलखाली वाकलाय. मोबाइलची बॅटरी लावून नंबर बघतोय.

पडदा ओढून घेते.

काय विचारलंस?… नाही, गाडी कधीच कुणाला दिली नाही. हे सख्ख्या भावालाही देत नाहीत. एकदाच रंगाला टाकली होती, धुळ्यात असताना. गॅरेजात तशीच दुसरी काळी उभी होती, तिलाही रंग चालला होता… पाट्या? पाट्या काढूनच रंगवतात ना गं…

दिपे.

तेव्हापासून ॲव्हरेज वाढलं होतं. मी म्हटलं, रंग लाभला. पेट्रोल वाचत होतं, मी कशाला विचारू? आणि दुसरी किल्ली, डाळीच्या डब्यातली, ती रंगानंतर लागेचना. मी म्हटलं, कुलपात रंग गेला असेल…

अगं, अगं! त्यानं स्वतःच्या खिशातून किल्ली काढली! लावली… लागली गं! एका किकेत सुरू! ह्यांना तीन लागतात. हे उभे राहिलेत. ठेवू नकोस फोन, मी बाहेर जाते.

…काय हो भाऊ? काय म्हणालात?

ऐकलंस? 'ताई, हाई गाडी मनी शे' म्हणतो, म्हणजे ही गाडी त्याची!… नाही, ओरडत नाहीये. दिपे, तोच हात जोडतोय! तोही गाडी विकायला निघाला होता, त्यालाही आरटीओत हेच सांगितलं, त्याच्याकडचा चेसिस आमच्या पाटीच्या नंबरावर निघाला. फोटोत आमचा नंबर दिसला तेव्हापासून जेवला नाही म्हणे… आम्ही पोलिसात देऊ म्हणून!

आता फाटकाकडे बोट दाखवतोय. 'बाहेर उभी शे ती तुम्हनी.'

हो, काळीच आहे. डाळीच्या डब्यातली किल्ली घेतलीय मी. चालले… नको बोलूस काही. भोकात जात नाहीये… गेली.

…

फिरली गं.

रडू नकोस, मी नाही रडत. हे खाली बसलेत पायरीवर, ह्यांना पाणी देऊ दे. कागदांचं बघू, दोघं मिळून जातील धुळ्याला, दोघांचीही भीती निम्मी होईल… आणि दिपे, हळूच सांगते, हिचे टायर नवे कोरे आहेत. ठेव. ठेव म्हणते ना!

छगनभाऊ, आता तरी घ्याल ना घोटभर चहा?