रावणाचा मान

...अरे, बस की लक्ष्या! सख्खा चुलतभाऊ तू, आणि दारात उभा राहून 'साहेब, साहेब' काय करतोस? मंगळूदादा म्हण. डीनची खुर्ची काय, आज आहे, उद्या नाही. गणित शिकवत होतो तेच बरं होतं — फळ्यासमोर उभं राहायचो, पोरांवर ओरडायचो, कपडे खडूनं माखायचे. आता नुसत्या मीटिंगा! बसून बसून पाय वळवळतात बघ. — आण पत्रिका. खोडाळ्याचा बोहाडा, मुखवट्यांच्या सोंगांची जत्रा... छान छापलीय... प्रमुख पाहुणे, डीनसाहेब. म्हणजे यंदाही मला खुर्चीच?

नाही रे, रागावलो नाही. पण तूच सांग, बोहाड्यात रावणाचं सोंग कुणाच्या घराचं? आपल्या! आधी बा नाचवायचा, मग मी. प्राध्यापक झालो तरी नाचवत होतो की — दिवसा वर्गात इंटिग्रेशन, रात्री दहा तोंडांचा मुखवटा बांधून संबळावर! पोरंच ओरडायची, 'सर, जपून!' डीन झालो आणि तुम्ही शाल देऊन पहिल्या रांगेत बसवलंत. तेव्हापासून आपलं सोंग निघालेलंच नाही. बाकीच्यांची सोंगं नाचतात आणि मी गुडघ्यावर बोटांनी ताल धरतो. रडू येतं, लक्ष्या. खरंच येतं.

काय? मी मागितलंच नाही? हो, ठाऊक आहे — घरच्या माणसानं स्वतः नारळ घेऊन यायचं, पंचांपुढं ठेवायचा, तेव्हा सोंग मिळतं. पण मला वाटलं, तुम्ही बोलवाल. डीननं कसं मागायचं? बसलो वाट बघत. चुकलंच माझं. चल, आत्ता मागतो! वाटेत नारळ घेऊ, तुझ्याच मोटरसायकलवर बसतो. मीटिंग गेली खड्ड्यात. गुडघ्यांचं नको सांगूस, गुडघे माझे आहेत. मी नाही नाचवलं तर आपल्या घरात दुसरं आहे कोण? — हरेश? त्याचं नाव काढू नकोस. डीनचा मुलगा, गणित अर्धवट सोडून ठाण्याच्या गॅरेजात गाड्यांखाली पडलेला असतो! आईला फोन करतो, मला नाही. मग मी तरी कशाला करू? — करतो कधीकधी. उचलत नाही. — जाऊ दे. ऊठ, चल. उठत का नाहीस?

नारळ ठेवला? कुणी?

...हरेशनं? आपल्या हरेशनं? कधी आला होता? घरी नाही आला तो... आणि मुखवटा? बांधून बघितला? अरे, जड असतो तो, खांदे भरून येतात — आधी कमरेचं बांधायचं आणि मग वरचं, सांगितलं का कुणी त्याला? मी कुठं शिकवलं होतं... लहानपणी बघत बसायचा, तेवढंच. — काय म्हणाला? पुन्हा सांग. 'बाबांना अगदी समोर बसवा'?

...

पत्रिका ठेव टेबलावर. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची तशीच ठेवा. येतो म्हणून सांग. जा आता — जा म्हणतो ना! आणि दार लावून घे.