उजव्या कोपऱ्यातली सही

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्टुडिओचे प्रमुख माननीय देवेश सर, आजचे सत्कारमूर्ती दत्ताराम घाडी, म्हणजे आपल्या सगळ्यांचे काका, चौथ्या रांगेतून मघाशी मीच उठवून वर आणून बसवलेल्या प्रेमाकाकू, आणि साकीनाक्याच्या या गाळ्यात खालच्या पत्रा कापायच्या मशीनचा आवाज ऐकत माझ्याबरोबर काम केलेल्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या अक्षताने मला पाच मिनिटं दिली आहेत. ‘जान्हवी, काकांच्या दोन गोड आठवणी सांग आणि बस,’ असं तिचं म्हणणं. आठवणी सांगते. गोड किती आहेत ते तू ठरव, अक्षता. मी आज रागावलेली आहे आणि तो राग लपवून भाषण करायचं मला जमणार नाही.

काकू, तुम्ही आमचा ‘आभाळवाट’ गेम खेळलेला नाहीत, म्हणून तुमच्यासाठी आधी सांगते. त्यात शेवंती नावाची मुलगी आहे. आभाळात तरंगणारी गावं आहेत आणि ती या गावाची पत्रं त्या गावाला पोचवते. बस, एवढंच. मारामारी नाही. लोक गेम खेळतात ते त्या आभाळासाठी, लांबच्या निळ्या डोंगरांसाठी, कातळाच्या सड्यावरच्या गवतासाठी. मागे मोठमोठ्या परीक्षणांत छापून आलं, की यातलं आभाळ अस्सल जपानी ॲनिमेचं आहे. सरांनी ते वाक्य मोठं करून स्वागतकक्षात लावलंय. आत येताना पाहिलं असेल तुम्ही.

जपानवर माझा अजिबात राग नाही. लहानपणी शाळेतून घरी आल्यावर टीव्हीसमोर बसून मी हिंदीत बोलणारी ती मोठ्या डोळ्यांची पोरं बघायचे. पेन्सिल मी त्यांच्यामुळे धरली. या स्टुडिओत आले तेव्हा भिंतभर ॲनिमेची चित्रं लावली होती आणि सर म्हणाले होते, ‘आपल्याला असं आभाळ पाहिजे.’ आम्ही आठजण तीन महिने कंप्युटरवर आभाळ काढत होतो. प्लास्टिकच्या बादलीसारखं दिसायचं ते.

काका तेव्हा आले ते दारावरची पाटी रंगवायला. आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवलेला माणूस. गिरणगावातली हौशी मंडळं, कोकणातल्या जत्रा, सगळीकडे यांचे डोंगर आणि यांचे राजवाडे. नाटकंच कमी झाली, म्हणून पाट्या. तर काका पाणी प्यायला आत आले आणि त्या भिंतीसमोर थबकले. चष्मा कपाळावर चढवून, नाक चित्राला लावून बघत राहिले. मग मला विचारलं, ‘कोणी केल्यान गो ह्यां? पोस्टर कलर आसा. ओल्या रंगार ओलो रंग मारलेलो. हो माणूस आपल्यातलोच दिसता.’

आम्ही आठ शिकलेली माणसं त्या भिंतीसमोर तीन महिने बसलो होतो. ही चित्रं कुणीतरी पाणी आणि ब्रश घेऊन कागदावर काढली असतील, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून खिडकीजवळ काकांचं टेबल लागलं. दोनशे चौदा चित्रं. काका कागदावर काढायचे, मी स्कॅन करून कंप्युटरवर साफ करायचे. ढगाचं पोट सपाट ठेव, हे मला त्यांनी शिकवलं. लांबचा डोंगर पातळ कर, हेही. आणि पडद्यावरची वाट नेहमी नटाच्या पायापासून सुरू झाली पाहिजे. वळण दाखवायचं, वळणापलीकडचं दाखवायचं नाही, माणूस आपोआप पुढे जातो. आज जगभरची पोरं शेवंतीला घेऊन प्रत्येक वळणापर्यंत धावतात ना, ते का धावतात याचं उत्तर या खुर्चीत बसलंय. भिंतीवरच्या वाक्यात ते नाही.

आता मुद्द्याचं. सर, घड्याळ बघू नका, फार वेळ घेणार नाही.

पडदा रंगवणाऱ्यांची एक रीत असते. पडदा पुरा झाला, की उजव्या खालच्या कोपऱ्यात रंगवणारा सही करतो. सही झाल्याशिवाय पडदा वर चढवत नाहीत. काकांनी आपल्या दोनशे चौदाही कागदांवर सही केली. ‘द. घाडी, दहिसर.’ आणि आपल्या सूचनापत्रात लिहिलं होतं, की चित्रात गेमबाहेरची अक्षरं नकोत. ती अक्षरं कुणी पुसली? मी पुसली. एकेक करून, नीट मोठं करून, गवताचा रंग वरून भरून.

पहिलंच चित्र काकांनी स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, ‘नाव खंय गेलां?’ मी म्हटलं, ‘काका, गेममध्ये चित्रावर सही नसते. शेवटी सगळ्यांच्या नावांची यादी येते, तिच्यात येईल.’ ‘बरां,’ म्हणाले. आणि पुढच्या चित्रावर पुन्हा सही केली. मी पुन्हा पुसली.

ती यादी कशी तयार झाली ठाऊक आहे? कामाच्या सिस्टीममध्ये ज्यांचं लॉगिन, त्यांची नावं आपोआप उचलली. काका कागदावर काम करणारे, त्यांना लॉगिन द्यायचं कुणाला सुचलं नाही. त्यांची चित्रं माझ्या लॉगिनने चढत होती. त्यामुळे शेवटी पडद्यावर काय येतं? ‘बॅकग्राउंड: जान्हवी.’ दोनशे चौदा चित्रांची मालकीण.

मला तेव्हाच कळलं होतं. मी सरांना सांगितलं, सर म्हणाले, पुढच्या अपडेटमध्ये बघू. अपडेट किती झाले? अकरा. मी परत किती वेळा विचारलं? एकदाही नाही. कारण मधल्या काळात बेस्ट बॅकग्राउंडचं बक्षीस जाहीर झालं होतं आणि ते घ्यायला मी नवी साडी नेसून गेले होते. स्टेजवर मी जपानी चित्रकारांचे आभार मानले, आईबाबांचे मानले. काकांचं नाव घेतलं नाही. यादीत नाही ते नाव घेतलं तर लोक विचारतील, ही भीती. काकू, तुम्ही दोघांनी तो कार्यक्रम मोबाइलवर पाहिलात. दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन आले. तुम्ही माझ्यासाठी खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या होत्या. मी त्या खाल्ल्या. मला माझीच लाज वाटते, आणि तेवढाच या ऑफिसचा राग येतो.

आता पुढच्या भागात कागद नको असं ठरलं, म्हणून काकांना निरोप. मघाशी सरांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि कंपनीतर्फे भेट म्हणून एक फ्रेम दिली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फ्रेममध्ये काय आहे, पाहिलंत का कुणी? काकांचंच चित्र आहे. शेवंतीचं पहिलं गाव. उजवा कोपरा स्वच्छ आहे, तिथे छान गवत आहे. माणसाला त्याचंच चित्र त्याचं नाव पुसून भेट दिलं, आणि आपल्याला त्यात काही खटकलं नाही.

काका, मान हलवू नका. ‘र्‍हवांदे’ म्हणू नका. आजवर तुम्ही तेच म्हणालात आणि आम्ही त्याचाच फायदा घेतला.

सर, शुक्रवारी बारावा अपडेट जाणार आहे. मूळ स्कॅन मी जपून ठेवले होते. सहीसकट दोनशे चौदा फाइली तयार आहेत, यादीतलं नाव बदललेलं आहे. फक्त तुमची मंजुरी हवी. केबिनमध्ये येऊन विचारलं असतं, तर पुन्हा ‘पुढच्या वेळी बघू’ ऐकावं लागलं असतं. म्हणून इथे विचारते, काकूंच्या समोर. उत्तर आत्ताच द्या असं नाही. पण शुक्रवारी शेवंती निघाली आणि कोपरा रिकामा असला, तर त्या यादीत माझंही नाव ठेवू नका, आणि सोमवारपासून खुर्चीही.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, वेळ संपल्याची चिठ्ठी हातात धरूनही न पाठवल्याबद्दल अक्षताचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. त्या कोपऱ्यासाठी मात्र क्षमा मागत नाही. काका ती लगेच देतील, आणि मला ती इतक्या लवकर नको आहे.

काका, फ्रेमची काच मी सकाळीच काढून ठेवली होती. छापील कागद आहे, पण रंग धरतो, मी घरी करून पाहिलंय. तुमचा तीन नंबरचा ब्रश, काळा रंग आणि पाण्याची वाटी तिथे टेबलावर आहे. या.

आणि बाकीच्यांनी बसून राहा. चहा आलेला दिसतोय, पण सही वाळेपर्यंत कुणी उठायचं नाही.